दुसऱ्यांनी लिहिलेल्या मार्पलकथा: पुनरुज्जीवन, नवकथा की आणखी काही?

विचारणा

एका अंकासाठी पुस्तक-परिचय लिहितो आहे. २०२२ साली इंग्रजीत मिस मार्पलच्या बारा नव्या कथांचा संग्रह आला. नाओमी ऑल्डरमन, रूथ वेअर, व्हॅल मॅकडर्मिड, केट मॉस, एली ग्रिफिथ्स, जीन क्वॉक अशा बारा लेखिका आणि प्रत्येकीची एक कथा. अगाथा ख्रिस्तीच्या वारसांच्या परवानगीने निघालेलं पुस्तक आहे. माझ्या मसुद्यातलं पहिलं वाक्य असं आहे:

‘अगाथा ख्रिस्तीच्या अजरामर गुप्तहेर मिस मार्पलचे बारा आधुनिक लेखिकांनी केलेले पुनरुज्जीवन.’

व्याकरणात वाक्य बसतं, पण वाचताना कुठेतरी अडखळायला होतं. मुख्य शंका ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाची. मूळ लेखक हयात नाही, पात्र तेच, लिहिणारा हात वेगळा आणि गोष्ट पूर्णपणे नवी. अशा लेखनाला मराठीत रुळलेला शब्द आहे का?

प्रतिसाद

अडखळायला होतं ते बरोबरच आहे. ‘पुनरुज्जीवन’ आपण नेमकं कशाला म्हणतो ते पाहा. रंगभूमीवर हा शब्द रोजच्या वापरातला आहे. जुनं नाटक नव्या संचात आलं की ते पुनरुज्जीवित नाटक. तिथे नट बदलतात, नेपथ्य बदलतं, पण संहिता जुनीच असते. त्यामुळे ‘मार्पलचे पुनरुज्जीवन’ वाचल्यावर मराठी वाचकाला वाटणार की ख्रिस्तीच्याच जुन्या कथा नव्या रूपात काढल्या आहेत. इथे तर नेमकं उलटं झालंय: पात्र जुनं आणि संहिता नवी.

दुसरी अडचण अर्थाची. पुन्हा जिवंत करायचं म्हटलं तर आधी कोणीतरी मेलेलं हवं. शेरलॉक होम्सला हा शब्द चालेल. १८९३ साली कॉनन डॉयलने त्याला रायखेनबाखच्या धबधब्यात लोटलं आणि १९०३ मध्ये ‘द एम्प्टी हाउस’ या कथेत स्वतःच परत आणलं. हे खरं पुनरुज्जीवन. आणि यातही एक बारकावा आहे: मधल्या काळात, १९०१-०२ मध्ये, ‘बास्करव्हिल्स’ची कादंबरी आली, पण ती होम्सच्या मृत्यूआधीची गोष्ट म्हणून लिहिलेली होती. म्हणजे होम्स पुन्हा दिसला, पण जिवंत झाला नव्हता! ही जुन्या काळात जाऊन लिहिलेली नवी गोष्ट.

ख्रिस्तीच्याच दुसऱ्या गुन्हेशोधकाचं, पॉयरोचंही तेच. ‘कर्टन’ या कादंबरीत (१९७५) तो मरतो, ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने त्याचं मृत्युवृत्त पहिल्या पानावर छापलं होतं. सोफी हॅना २०१४ पासून पॉयरोच्या नव्या कादंबऱ्या लिहिते आहे, पण ती त्याला थडग्यातून उठवत नाही. तिच्या पहिल्या कादंबरीचा काळ १९२९चा आहे. आणि मार्पलबाई तर कधी मेल्याच नाहीत. ख्रिस्तीने त्यांना शेवटपर्यंत जिवंत ठेवलं. जी मेलीच नाही तिला पुनरुज्जीवित कसं करणार?

प्रतिसाद

‘मार्पलच्या नवकथा’ असं मात्र चुकूनही लिहू नका. मराठी वाचकाला नवकथा म्हटलं की गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर आठवतात. जोडून लिहिलं की तो वाङ्मयप्रकार होतो, तोडून ‘नव्या कथा’ लिहिलं की काही बिघडत नाही.

‘आधुनिक लेखिका’ हेही बदला. समीक्षेतल्या आधुनिकतेशी त्यांचा संबंध नाही. ‘आजच्या’ म्हणा किंवा ‘समकालीन’.

प्रतिसाद

रुळलेला शब्द आहे का, या प्रश्नाचं उत्तर: नाही. पण जे शब्द जवळपास फिरतात ते एकेक तपासून पाहण्यासारखे आहेत, कारण प्रत्येकात लेखकाविषयीचा एक निवाडा दडलेला आहे.

‘अनुकरण’ आणि ‘नक्कल’. कचेरीतली ‘खरी नक्कल’ सोडली तर दोन्ही शब्द कमीपणा आणणारे. ‘विडंबन’ म्हटलं की हसू अपेक्षित असतं, आणि या कथा थट्टा करायला लिहिलेल्या नाहीत. ‘पुनर्लेखन’ आणि ‘पुनर्कथन’ यांत कथानक जुनं असावं लागतं. मॅकडर्मिडच्या कथेचं नावच ‘द सेकंड मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’ आहे. १९३०च्या पहिल्या मार्पल-कादंबरीकडे ते उघड बोट दाखवतं, पण खून दुसरा आहे. ते पुनर्कथन नव्हे.

‘तोतया’ हा शब्दही मी एकदा अशा लेखनाबद्दल ऐकला आहे. तो इथे फार अन्यायाचा. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला तो ‘मीच भाऊ’ म्हणत होता. तोतयेपणात फसवणूक असते. या बाराजणी ‘आम्हीच ख्रिस्ती’ म्हणत नाहीत, आपापल्या नावाने लिहितात.

आता ‘प्रक्षिप्त’. या शब्दावर मला थोडं थांबायचं आहे, कारण परक्या हाताने घातलेल्या भरीबद्दल आपल्याकडे मोठा विचार झालेला आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लोकांनी मध्ये मध्ये आपल्या ओव्या घुसडल्या होत्या, त्या त्यांनी काढल्या आणि शेवटी बजावलं की या पाठात जो आपली मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असं समजा. मूळ ग्रंथावर जीव असलेल्या माणसाचा हा संताप आहे आणि मला तो पूर्ण पटतो. होम्सचे निष्ठावंत वाचक चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा एवढंच प्रमाण मानतात, त्यामागेही हीच वृत्ती आहे.

पण एकनाथांचा राग कशावर होता ते नीट पाहिलं पाहिजे. ओवी रचण्यावर नव्हे. स्वतः एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर हजारो ओव्या लिहिल्या. राग होता तो ज्ञानेश्वरीच्या पाठात, ज्ञानेश्वरांच्या नावावर भर घालण्यावर. वेगळ्या ताटात, वेगळ्या नावाने वाढलं तर ते प्रक्षिप्त नाही. मार्पलच्या बारा कादंबऱ्या आणि वीस कथा जिथे होत्या तिथेच आहेत. हा नवा संग्रह त्यांच्या शेजारी बसतो, त्यांच्यात घुसत नाही.

म्हणून माझं मत असं की जातिवाचक एकच शब्द घडवण्याच्या मागे लागू नये. मराठीत यासाठी फार सोय असलेली रचना आहे: ‘-च्या हातची’. पत्र कुणाच्या हातचं, अक्षर कुणाच्या हातचं, असं आपण सहज म्हणतो. ‘मॅकडर्मिडच्या हातची मार्पलकथा.’ पात्र कुणाचं तेही कळतं, लिहिणारं कोण तेही कळतं, आणि त्यात ना हेटाळणी ना उदोउदो. फक्त ‘दुसऱ्या हातची’ म्हणू नका. ते वापरलेल्या वस्तूसारखं वाटतं.

प्रतिसाद

मला ‘गुप्तहेर’ खटकला. बहिर्जी नाईक हेर होते. वेश पालटायचा, शत्रूच्या गोटात शिरायचं, बातमी आणायची, हे हेराचं काम. मार्पलबाई सेंट मेरी मीड या आपल्या गावात विणकाम करत बसतात आणि समोरचा माणूस गावातल्या कुणासारखा वागतो ते ओळखतात. एखाद्या नोकराची लबाडी आठवली की तेवढ्यावर त्या खुन्यापर्यंत पोचतात. १९२७च्या पहिल्याच कथेत मंडळी जमून कोडी घालतात, तिथे सगळ्यांनी त्यांना जवळपास विसरलेलं असतं आणि उत्तर त्याच देतात. यात हेरगिरी कुठे आली? होम्स निदान वेशांतर तरी करतो.

नाम शोधण्यापेक्षा क्रियापद वापरा. ‘छडा लावणाऱ्या मिस मार्पल’. ‘माग काढणे’ होम्सला शोभतं, कारण माग म्हणजे मुळात पावलांचे ठसे आणि तो ते खरोखर पाहतो. मार्पलबाईंना ‘छडा लावणे’च.

प्रतिसाद

आणखी एक शब्द सांभाळा: ‘अधिकृत’. ‘अधिकृत मार्पलकथा’ म्हटलं की त्या मूळ बत्तीस कथा-कादंबऱ्यांच्या पंगतीत बसल्यासारख्या वाटतात. परवानगी ही कायद्याची बाब आहे. ख्रिस्ती जानेवारी १९७६ मध्ये गेली. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं लेखनाचा स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे तिथे २०४६ अखेरपर्यंत मार्पलसाठी वारसांना विचारावंच लागेल. डॉयल १९३० मध्ये गेला आणि अमेरिकेतही त्याच्या शेवटच्या होम्सकथा १ जानेवारी २०२३ला हक्कातून मुक्त झाल्या. म्हणून होम्सवर कोणीही लिहितं. यातून कथा चांगली की वाईट ते ठरत नाही. ‘वारसांच्या परवानगीने’ एवढंच लिहावं.

मूळ विचारणाऱ्याकडून

सर्वांचे आभार. वाक्य आता असं झालं आहे:

‘मिस मार्पल पुन्हा छडा लावताहेत: आजच्या बारा लेखिकांच्या हातच्या बारा नव्या कथा, अगाथा ख्रिस्तीच्या वारसांच्या परवानगीने.’

एक विचारायचं राहिलं. मसुद्यात मी निवेदनात ‘ती’ लिहिलं होतं. इथे बहुतेकांनी ‘मार्पलबाई’ आणि ‘त्या’ लिहिलं आहे. परिचयात काय ठेवावं?

प्रतिसाद

‘त्या’च ठेवा. ख्रिस्तीला लेखिका म्हणून ‘ती’ म्हणायची आपली रीत आहे, पण सेंट मेरी मीडच्या म्हाताऱ्या बाईंना मराठीत अरेतुरे केलं की त्या वयाने निम्म्या वाटायला लागतात. कथेचा अनुवाद करायची वेळ आलीच तर भाचा रेमंड त्यांना ‘मावशी’ आणि ‘तू’ म्हणेल. तिथे ते शोभेल, कारण तो घरचा आहे.