मंदी आली की बँकेचा पैसा जातो कुठे, केळीपट्ट्यात की एमआयडीसीत?

तापीकाठ, चोपडा

सध्या जिकडे तिकडे एकच ऐकू येतं, मंदी आली की बँका कारखान्यांपासून हात आखडता घेतात आणि शेतीकडे वळतात, कारण शेती काय बंद पडत नाही. पुरावा म्हणून २०२० दाखवतात. त्या एप्रिल ते जूनच्या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था जवळजवळ २४ टक्के आपटली आणि शेती तेवढी ३.४ टक्क्यांनी वाढली, हे खरंच आहे. पण त्यावरून शेतीभागात कर्ज वाढलं असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. कागदावर वाढतं भाऊ, हातात येत नाही.

कसं ते सांगतो. मार्च सुरू झाला की आमच्या विकास सोसायटीच्या गटसचिवाचा फोन येतो, दादा भरून टाका, आठ दिवसात परत उचल देतो. आता मार्चमध्ये कापूस विकून खाल्लेला, केळीला अजून कापणी नाही, भरायचं कुठून. मग गावातलाच कुणीतरी किंवा अडत्या शेकडा दोन-तीनने देतो, ते सोसायटीत भरायचं, नंतर तेवढीच रक्कम परत उचलायची आणि अडत्याला नेऊन द्यायची. झालं नवं-जुनं. बँकेच्या वहीत वसुलीही झाली आणि नवीन वाटपही झालं, माझ्या खिशात त्या सगळ्या फिरवाफिरवीतून आलं काय तर अडत्याचं व्याज देणं. तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज म्हणतात ना पंजाबराव देशमुख योजनेत, ते हे असं शून्य. जिल्ह्याच्या पीककर्ज वाटपाच्या आकड्यात हे नूतनीकरण किती आणि खरंच नवा पैसा किती हे वेगळं करून दाखवा, मग बोलू.

दुसरं, सोनेतारण. जळगावात सोन्याला तोटा नाही, बायकोची पोत बँकेत ठेवली आणि सातबारा जोडला की ते झालं कृषी कर्ज. आणि तिसरं तर भारीच आहे, डाळमिल, जिनिंग, कोल्ड स्टोरेज यांना दिलेलं १०० कोटींपर्यंतचं कर्जसुद्धा बँक तिला शेतीसाठी ठरवून दिलेल्या टार्गेटमध्ये धरू शकते. म्हणजे कर्ज जळगाव एमआयडीसीत आणि नाव आमचं.

माझं म्हणणं एवढंच की मंदीत बँक शेतीकडे वळत नाही, शेतीचं नाव घेते.

चटईवाला, जळगाव

तापीकाठ भाऊ, लिहिलंय झकास पण एमआयडीसीला कुबेराचं घर समजू नका. माझी प्लास्टिक चटईची छोटी युनिट आहे, सीसी लिमिटवर, म्हणजे लागेल तसं काढायच्या-भरायच्या बँक कर्जावर चालते. ती लिमिट कशी वापरता येते माहिती आहे का? दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं. माल ४० लाखांचा असला तर त्यातून उधारीवर आणलेला कच्चा माल वजा करायचा, उरलेल्यावर २५ टक्के मार्जिन कापायचं, त्यात व्यापाऱ्यांकडची येणी धरायची, जे होईल ती ड्रॉइंग पॉवर, तेवढेच पैसे काढता येतात. आता मंदीत काय होतं बघा. प्लास्टिक दाण्याचा भाव पडतो म्हणून त्याच गोडाऊनमधल्या त्याच मालाची किंमत कमी. व्यापारी यूपी-बिहारचा, तो म्हणतो माल उठत नाही थांबा दोन महिने, आणि बँक म्हणते ९० दिवसांवरची येणी आम्ही धरत नाही. म्हणजे ज्या महिन्यात मला पैसा जास्त लागतो त्याच महिन्यात माझी लिमिट आपोआप आकसते, कुणी नाही म्हटलेलं नसतं, मॅनेजर चहा पाजतो आणि सांगतो सिस्टिम घेत नाहीये.

तुमची लिमिट ठरते क्षेत्र गुणिले पीककर्ज दर, म्हणजे पिकाला एकरी ठरवून दिलेली कर्जाची रक्कम. केळीचा भाव निम्म्यावर आला तरी तुमचा एकर अर्धा होत नाही. कुणाचं कर्ज मंदीत सुरक्षित सांगा बरं?

तापीकाठ, चोपडा

एकर अर्धा होत नाही खरंय, पण वादळ आलं तर बाग आडवी होते हो, आणि सीएमव्ही हा केळीचा विषाणू रोग आला की रोपं उपटून फेकावी लागतात. आणि तुम्हाला २०२० मध्ये सरकारनं तीन लाख कोटींची गॅरंटीवाली योजना दिली ते विसरलात का? शंभर टक्के हमी, बँकेला एक रुपयाची रिस्क नाही. आम्हाला अशी हमी कुणी दिली? वर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं सोनेतारणात सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्के कर्ज मिळेल अशी सवलत काढली, तीही बिगरशेती कर्जाला. पोत तीच, पण शेतीसाठी ठेवली तर ही सवलत नाही.

चटईवाला, जळगाव

विसरलो नाही, घेतली होती. पण ती मिळाली कुणाला? ज्याचं आधीच कर्ज चालू होतं आणि २९ फेब्रुवारी २०२० ला ६० दिवसांपेक्षा जास्त थकलेलं नव्हतं त्यालाच, आणि तेही बाकी असलेल्या कर्जाच्या २० टक्के. ते अनुदान नव्हतं भाऊ, एक वर्ष फक्त व्याज आणि मग तीन वर्षं हप्ते, फेडले सगळे. माझ्या शेजारच्या गाळ्यात एक पोरगा होता, बँकेचं कर्ज न घेता घरच्या पैशावर धंदा उभा केलेला, त्याला काहीच नाही मिळालं कारण ज्याचं कर्जच नाही त्याच्या बाकी कर्जाचे २० टक्के किती? शून्य. गाळा विकला त्यानं.

निवृत्त शाखाधिकारी, धुळे

दोघांचंही वाचलं. मी शेतीच्या शाखेत पण होतो आणि इथल्या अवधान एमआयडीसीतल्या कारखान्यांची खाती पण सांभाळली, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूचं सांगतो, राग मानू नका.

सरकारी-खाजगी बँकेला एकूण कर्जाच्या ४० टक्के प्राधान्य क्षेत्राला, म्हणजे शेती, छोटे उद्योग वगैरेंना द्यावे लागतात, त्यात शेतीला १८ आणि त्यातही अल्प-अत्यल्प भूधारकांना १०. आता हे टक्के कशाचे? बँकेच्या मागच्या वर्षीच्या एकूण कर्जाचे. इथेच सगळी गोम आहे आणि दोन्ही बाजू याच्याकडे लक्ष देत नाहीत. मंदीत कारखानदारीचं कर्ज वाढायचं थांबलं की एकूण कर्ज वाढायचं थांबतं, मग पुढच्या वर्षी शेतीच्या टार्गेटचा रुपयातला आकडा पण तिथेच अडकतो. अवधान-नरडाणा आज आजारी पडलं तर वर्षभरानं शिरपूर-शिंदखेड्याच्या शाखेला वरून प्रेशर कमी येतं. तेव्हा एमआयडीसीला मिळालं म्हणजे शेतीचं गेलं हा हिशोब बरोबर नाही.

आणि टार्गेट पुरं नाही झालं तरी बँक बुडत नाही. २०१६ पासून प्रमाणपत्रं विकत मिळतात, ज्या बँकेनं जास्त शेतीकर्ज दिलं तिच्याकडून कमी पडलेली बँक घेते, पैसे देऊन मोकळी. तरी राहिलं तर नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत निधीत ठेव ठेवायची, व्याज कमी मिळतं एवढंच. त्यातून रस्ते-पूल होतात, चांगलंच आहे, पण पेरणीला पैसा मिळत नाही. तापीकाठ, तुमचा राग सोसायटीच्या सचिवावर कशाला, इथे काढा.

मात्र एक बोलतोच. तुम्ही नवं-जुनं म्हणता ते आम्हालाही कळतं. पण भरलं नाही तर खातं एनपीए, म्हणजे थकीत. कारखान्याचा हप्ता ९० दिवस थकला की एनपीए, शेतकऱ्याला कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम आणि जास्त मुदतीच्या पिकाला एक हंगाम मिळतो, एवढी सवलत उद्योगाला नाही. तरी खाती थकतात, कारण निवडणूक आली की माफीची हवा सुटते. २००८ ला केंद्राची, २०१७ ला दीड लाखाची, २०१९ ला दोन लाखांची, आणि २०२४ च्या निवडणुकीत परत आश्वासन. ज्याच्याकडे पैसे असतात तो पण थांबतो. मग जिल्हा बँकेचा पैसा अडकला की नवीन सभासदाला कर्ज नाही. मंदीपेक्षा या हवेनं जास्त नुकसान केलंय, माझं स्पष्ट मत.

कापूसकोंड्या, पारोळा

साहेब, तुम्हनं बराबर शे, पन माफी मांगाले आम्ही कोठे गयथूत? मतं मांगाले येतस त्याच देतस.

असो, सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत. जिल्हा बँकेचा पैसा माफीनं अडकला म्हणता, नोटबंदीचं नाव का घेत नाही? १४ नोव्हेंबर २०१६ ला रिझर्व्ह बँकेनं फक्त जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी केली. बाजूची सरकारी बँक घेतेय, खाजगी घेतेय, आणि जिथे आमचं खातं ती घेत नाही. तोंडावर रब्बी, घरात कापसाचे रोख आलेले पैसे, गहू-हरभऱ्याचं बियाणं उधारीवर आणलं लोकांनी. आधी घेतलेल्या नोटा पण त्या बँकांच्या तिजोरीत २०१७ च्या जूनपर्यंत पडून होत्या. त्यावर व्याज कुणी दिलं?

आणि माफीत वेळेवर भरणाऱ्याला काय, ५० हजारापर्यंत प्रोत्साहन, जाहीर २०२० ला आणि हातात २०२२ ला. तेवढ्यात तीन खरीप गेले. आता सरकारी बँकेत जा, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर दाखव म्हणतात. मुख्यमंत्री बैठकीत बँकांना दम देतात पीककर्जाला सिबिल मागायचं नाही म्हणून, शाखेत गेलं की साहेब स्क्रीन आपल्याकडे वळवून आकडा दाखवतो, तोंडानं काही म्हणत नाही.

बचतगट ताई, साक्री

सोनेतारणावर थोडं. दोन लाखांपर्यंत शेतीकर्जाला तारण मागायचं नाही असा नियम आलाय १ जानेवारी २०२५ पासून, आधी १ लाख ६० हजार होती मर्यादा. चांगला नियम. पण शाखेत सांगतात ताई सोनं ठेवलं तर आजच होईल, बिनतारणचं करायचं तर सर्च रिपोर्ट, नो ड्यूज, फेरफार, बघू महिनाभरात. पेरणी महिनाभर थांबते का? मग बाई स्वतःच पोत काढून देते आणि फॉर्मवर लिहिलं जातं की स्वखुशीनं ठेवलं. सातबारा त्याच्या नावावर, सोनं तिचं, कर्ज शेतीचं. तुम्ही पुरुष मंडळी टक्केवारीवर भांडताय तेव्हा हे पण कुठल्या रकान्यात लिहा.

निवृत्त शाखाधिकारी, धुळे

ताई, खरं आहे. शाखेत तीन माणसं, त्यातला एक रजेवर, सोनं तोलून अर्ध्या तासात कर्ज होतं आणि बुडत नाही. मॅनेजर पण माणूसच आहे.

नवापूरकर

तुम्ही सगळे तापी खोऱ्यातले बागायतदार आणि गाळेवाले. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याला या चर्चेचा अर्थच लागत नाही. वनपट्टा, म्हणजे वनहक्क कायद्याने जमीन मिळालेला माणूस बँकेत गेला की पट्टा गहाण पडत नाही म्हणून परत. त्याला बँक तेजीत पण देत नाही आणि मंदीत पण देत नाही. त्याला कर्ज देतो मुकादम, पावसाळ्यात उचल द्यायची आणि दिवाळीनंतर सगळं कुटुंब गुजरातेत ऊसतोडीला न्यायचं. ही उचल कुठल्या बँकेच्या आकड्यात येते?

आणि शेती विरुद्ध उद्योग म्हणता तर पोल्ट्री कशात? आमच्याकडे २००६ ला बर्ड फ्लू आला, २०२१ ला परत आला, लाखो कोंबड्या मारल्या. प्राधान्य क्षेत्राच्या यादीत पोल्ट्री शेतीला पूरक, म्हणजे शेतीत. पण हप्ता कारखान्यासारखा, शेडचं कर्ज कारखान्यासारखं, आणि पक्षी मेले की आपत्ती शेतीसारखी.

चटईवाला, जळगाव

नवापूरकर, मुकादमाच्या उचलीचं लिहिलं ते वाचून बोलायला काही उरत नाही.

पण तापीकाठ भाऊंच्या एका मुद्द्यावर मी सोडणार नाही. डाळमिलला दिलेलं कर्ज शेतीत धरू नका म्हणता, ठीक. उद्या बँकेनं त्या मिलची लिमिट कमी केली तर तूर-हरभरा घेणार कोण? मिलवाल्यानं खरेदी थांबवली की पहिला फटका बाजार समितीत भावाला बसतो. जिनिंग बंद राहिली तेव्हा कापूस घराघरात पडून होता, विसरलात? उद्योगाला मिळालेला पैसा फिरून तुमच्याकडेच येतो.

तापीकाठ, चोपडा

येतो ना, कधी येतो ते सांगा. तूर दिली की चिठ्ठी मिळते, पैसे पुढच्या आठवड्यात, मग त्याच्या पुढच्या. तुम्हाला छोट्या उद्योगांना ४५ दिवसात पैसे द्यायचा कायदा आहे, नाही दिले तर समोरच्याला इन्कम टॅक्सला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. आमच्या चिठ्ठीला असला दट्ट्या आहे का? मिलला कर्ज द्या, माझी ना नाही, पण ते उद्योगाच्या खात्यात लिहा म्हणजे शेतीचे १८ टक्के खरे किती ते दिसेल.

साहेब, तुम्ही एकूण कर्जाचं सांगितलं ते मात्र डोक्यात बसलं, एमआयडीसी थंडावली की आमचं टार्गेट पण थंडावतं. मग तर अजूनच अवघड झालं, आधीच लहान झालेल्या आकड्यात परत डाळमिल, गोडाऊन आणि सोनं. जिल्ह्याचं कर्जवाटप पाहणाऱ्या अग्रणी बँकेच्या बैठकीत आमदार-खासदार बसतात, त्यांनी उद्दिष्ट किती टक्के गाठलं एवढंच विचारू नये, नवीन सभासद किती घेतले ते विचारावं. माझ्या मुलाच्या नावावर खातेफोड होऊन उतारा वेगळा झालाय, सोसायटीत नाव घ्यायला अर्ज दिलेला आहे, दर वेळी सांगतात वरून कोटा नाही.

चटईवाला, जळगाव

कोटा आम्हाला पण नाही हो.

कापूसकोंड्या, पारोळा

आणि ते तूर कोण घेणार म्हणताय चटईवाले भाऊ, जरा मिलमधल्या पोत्यांवरचे शिक्के वाचून या. २०२१ ला तुरीची आयात खुली केली. कर्ज शेतीचं आणि भरडायला तूर मोझांबिकची, म्यानमारची.