मदत हवी आहे: प्रवाळांमधील संकर आणि पूर्वजांकडून आलेले साम्य वेगळे कसे ओळखावे?

नमस्कार. मी कोल्हापुरात एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवाळांच्या निकटच्या जातींमधील संकर आणि प्रजननातील अडथळे या विषयावर मला सेमिनार द्यायचा आहे. रंकाळ्यात प्रवाळ नसल्यामुळे सारी मदार शोधनिबंधांवर आहे आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे.

कॅरिबियन समुद्रातील ॲक्रोपोरा प्रोलिफेरा हा पाल्माटा आणि सर्व्हिकॉर्निस या जातींचा संकर आहे, याबद्दल मला शंका नाही. व्होल्मर आणि पालुम्बी या संशोधकांनी २००२ साली तपासलेले त्याचे नमुने पहिल्या पिढीचे निघाले. असे संकरज तुटलेल्या फांद्यांपासून अलैंगिक रीतीने वाढून दीर्घकाळ टिकू शकतात.

अडथळ्यांची बाजूही समजते. ऑर्बिसेला फ्रँक्सी आणि ॲन्युलॅरिस या निकटच्या प्रवाळ-जातींच्या युग्मकांचे (अंडी व शुक्राणूंचे) प्रयोगशाळेत परस्पर फलन होते, परंतु समुद्रात फ्रँक्सी त्याच रात्री एक ते दोन तास आधी युग्मके सोडते आणि मधल्या वेळात तिचे शुक्राणू पाण्यात विरळ व जुने होतात. त्यामुळे प्रयोगशाळेतील फलन हा निसर्गातील संकराचा पुरावा मानणे मला घाईचे वाटते.

खरी अडचण हिंद-प्रशांत महासागरातील ॲक्रोपोराची आहे. तेथील अनेक जातींत एकाच जनुकाची तीच रूपे आढळतात. ती संकरातून आली असतील, किंवा मोठ्या समूहांमुळे समान पूर्वजांकडून न गळता उरली असतील. प्रवाळांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए फार संथ बदलत असल्याने त्याचा येथे विशेष उपयोग नाही. एबीबीए-बीएबीए चाचणीत (जातींमध्ये जनुकरूपे कशी जुळतात याचे दोन आकृतिबंध मोजून संकर शोधण्याची पद्धत) केवळ पूर्वजांचा वारसा असेल, तर एबीबीए आणि बीएबीए हे दोन्ही आकृतिबंध सारख्या प्रमाणात अपेक्षित असतात, हे मला कळते. मात्र पूर्वज-समूहच आतून विभागलेला असेल, तर संकर न होताही पारडे एका बाजूला झुकू शकते.

अशा वेळी परक्या जातीकडून आलेल्या जीनोम-खंडांच्या लांबीवर कितपत विसंबावे? तसेच एकाच क्लोनचे (अलैंगिक वाढीतून झालेल्या, जनुकीयदृष्ट्या एकसारख्या प्रवाळांचे) तुकडे वेगवेगळे नमुने म्हणून मोजले जाऊ नयेत, यासाठी विश्लेषणापूर्वी ते कसे वगळतात? ज्यांनी प्रत्यक्ष असे काम केले आहे, त्यांनी कृपया पायरीपायरीने सांगावे.