वजन उतरल्यानंतरची शस्त्रक्रिया आणि अडकलेली विम्याची फाइल : तुमचे अनुभव सांगा

११८ किलोवरून ६७ वर आले. आधी बॅरिअ‍ॅट्रिक ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली, मग दोन वर्षं नेमाने चालले. वजन गेलं, कातडी राहिली. पोटाची घडी मांडीपर्यंत लोंबते आणि तिच्याखाली घाम साचून चिघळतं. जुन्या सुती पंच्याचे पट्टे करून घडीत ठेवते, तरी उन्हाळ्यात रक्त येतं. सर्जननी कातडी काढायला सांगितलंय. पूर्वमंजुरीचा अर्ज देऊन नऊ आठवडे झाले, चार वेळा क्वेरी आली. दर वेळी एक नवा कागद मागतात, तो आधीच का मागितला नाही ते कुणी सांगत नाही. यातून गेलेल्यांनी कृपया लिहा. नेमका कोणता कागद कामी आला, ते हवंय.

कोल्हापूर

ताई, माझी फाइल पहिल्यांदा दोन दिवसांत परत आली. शेरा एकच : कॉस्मेटिक. तेव्हा पॉलिसीचं पुस्तक उघडून बसलो. वर्जनांची, म्हणजे कशाचे पैसे मिळणार नाहीत त्या कलमांची, भाषा विमा नियामकाने २०१९ मध्येच सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आहे. त्यातलं आठ नंबरचं कलम कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचं. अपघात, भाजणं, कॅन्सर यांना सूट आहे आणि त्याच वाक्यात पुढे असंही आहे की प्रकृतीला थेट आणि तातडीचा धोका असेल, तो टाळायला शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या गरजेची असेल आणि उपचार करणारे डॉक्टर तसं लिहून देत असतील, तर ती चालते. माझ्या पहिल्या पत्रात होतं, ‘वजन घटल्याने जादा कातडी, अ‍ॅब्डोमिनोप्लास्टीचा सल्ला.’ म्हणजे पोट आवळून सपाट करणं. हे वाचून कुणीही कॉस्मेटिकच म्हणेल. दुसऱ्या पत्रात सर्जननी आजार लिहिला. घडीत वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग, त्वचारोगतज्ज्ञांकडच्या सहा भेटींच्या तारखा, कोणती मलमं आणि गोळ्या किती दिवस दिल्या, आणि एकदा सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेत खोलवर पसरणारा जंतुसंसर्ग, होऊन चार दिवस अ‍ॅडमिट होतो त्याची डिस्चार्ज समरी. मंजुरी आली, पण फक्त पोटाची. दंडाची कातडी अजून तशीच आहे.

ठाणे

आमचं दोनदा नाकारलं. शेवटी सोनं ठेवून केलं. तक्रार करायची ताकद तेव्हा उरली नव्हती, आज वाटतं करायला हवी होती.

नागपूर

मी रुग्णालयाच्या विमा डेस्कवर काम करते, म्हणून आतली बाजू सांगते. २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. पण क्वेरी आली की गाडी तिथेच थांबते. आणि खरं सांगायचं तर कधी कधी ती क्वेरी आमच्याच डेस्कच्या मेलमध्ये दोन-दोन दिवस न उघडता पडलेली असते. रुग्णाला वाटतं टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था, गप्प आहे. म्हणून क्लेम नंबर घेऊन स्वतः टीपीएला फोन करा आणि क्वेरीची प्रत तुमच्याकडे मागा.

दुसरं, कागद आपसात जुळतात का ते बघा. केसपेपरवर वजन ६७, सर्जनच्या पत्रात ७२, एवढ्यावरून फाइल परत आलेली मी पाहिली आहे. लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर असेल, तरी तेच होतं. फोटो उभ्याने काढा, समोरून आणि बाजूने, आणि एक घडी उचलून, म्हणजे खालची जखम दिसेल. हे फोटो देताना बायकांना फार अवघड जातं, मला कळतं ते. आमच्याकडे नर्स काढते. तुमच्याकडेही तशी विनंती करा, नाही म्हणणार नाहीत.

पुणे

माझं ऑपरेशन वेगळं, पण अडकले तशीच. सात महिन्यांत ३८ किलो उतरले आणि पित्ताशयात खडे झाले. वजन झपाट्याने कमी झालं की हा धोका वाढतो. कंपनीचं म्हणणं, हा वजन कमी करण्याच्या उपचाराचाच भाग. बॅरिअ‍ॅट्रिक मी पदरच्या पैशाने केली होती, तिची सगळी बिलं मागितली. अकरा दिवस पोटात कळा सोसत बसले. सुटलं ते सर्जनच्या दोन ओळींनी : हा पित्ताशयाचा आजार आहे, स्थूलतेवरचा उपचार नाही.

न्यू जर्सी

इकडे शब्दावरच सगळं ठरतं. लोंबणारी कातडी काढणं म्हणजे पॅनिक्युलेक्टॉमी, ती मिळू शकते. स्नायू आवळले की ती अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी, तिचे पैसे आपले. आमच्या प्लॅनला सहा महिने स्थिर वजनाची नोंद हवी होती, शिवाय तीन महिने औषध लावूनही चट्टे गेले नाहीत याचा पुरावा. पहिला नकार आल्यावर माझ्या सर्जननी कंपनीच्या डॉक्टरांशी फोनवर थेट बोलणं केलं. वीस मिनिटांत पाच महिन्यांचं अडलेलं काम झालं. नकार आला तर अपिलाला १८० दिवस मिळतात, ते वाया घालवू नका.

सातारा

आईसाठी धावपळ केली. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी दिलं, पोच घेतली, तीस दिवस वाट पाहिली. उत्तर नाही. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्यांकडे, अर्ज केला. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणीत आईच्या पायांवरच्या जखमांचे फोटो तारखेनिशी मांडले. निकाल आमच्या बाजूने लागला, पण तोवर आठ महिने गेले होते आणि त्या आठ महिन्यांत आई एकाही लग्नकार्याला गेली नाही.

धागा काढणारी, नाशिक

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. कोल्हापूरच्या दादांचं वाचून माझं पत्र काढून पाहिलं. त्यात संसर्गाचा एक शब्दही नाही! त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या दोन उन्हाळ्यांत पाच वेळा गेले होते, पण ते कागद फाइलला लावायचे असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. आज कपाटातून तीन सापडले. उरलेल्या दोन भेटींची नोंद दवाखान्याच्या रजिस्टरमधून मागितली आहे. सर्जनची वेळ सोमवारची मिळाली. नागपूरच्या ताई, केसपेपरवर डॉक्टरांची सही आहे पण शिक्का नाही, तो चालेल का?