वस्तीतल्या वर्गात होमवर्क पूर्ण होतो, पण मुलांना वाचताच येत नाही. काय करायचं?

मुठाकाठची:
नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. आम्ही सिंहगड रोडच्या बाजूला एका वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालवतो. संस्था वगैरे म्हणण्याइतकं काही नाही, आजूबाजूच्या सोसायट्यांमधल्या काही बायका, दोन रिटायर्ड काका आणि कॉलेजची पोरं जमेल तशी. दुसरी ते सातवीची मुलं येतात, बहुतेक मनपाच्या शाळेतली, थोडी गल्लीतल्या इंग्लिश मीडियमची. आयांचं म्हणणं एकच, ताई होमवर्क तेवढा करून घ्या, म्हणून आम्ही तेच करत आलो.

आता प्रॉब्लेम ऐका. चौथीतला एक मुलगा आहे, वही बघाल तर बघतच राहाल, मोत्यासारखं अक्षर, समास आखलेला, प्रश्नोत्तरं सगळी पूर्ण. परवा त्याला धडा वाच म्हटलं तर घडाघडा वाचला. मला काय सुचलं कोण जाणे, मधल्याच एका ओळीवर बोट ठेवून म्हटलं इथून वाच, तर गडी गप्प. मग हळूच पहिल्या ओळीपासून पुटपुटत तिथपर्यंत आला आणि पुढे परत घडाघडा. म्हणजे सगळं पाठ! नंतर बाकीच्यांना असंच मध्येच बोट ठेवून विचारलं तर सहावीतल्या मुलीसुद्धा अडकल्या. मग आम्ही रोज संध्याकाळी करतोय काय, डायजेस्टमधली उत्तरं उतरवून घेतोय का फक्त?

दुसरं म्हणजे मोठ्या मुली मधूनच गायब होतात. आणि तिसरं, एक गृहस्थ बऱ्यापैकी डोनेशन द्यायला तयार आहेत पण ८०जीची (म्हणजे त्यांना इन्कम टॅक्समध्ये सूट मिळेल अशी) पावती मागतात, आमचं रजिस्ट्रेशनच नाही. माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो तोही पैसे पाठवतो म्हणतोय. होमवर्क बंद करून वाचन सुरू करावं का, आणि रजिस्ट्रेशनच्या भानगडीत पडावं का? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

खडूवाली बाई:
मी मनपा शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तुम्ही ते बोट ठेवलंत ना, तीच खरी परीक्षा, बाकी वह्यांवरच्या सह्या आम्हीही खूप केल्या. आता एक करा, प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून एकच कागद वाचायला द्या, त्यावर वर सुटी अक्षरं, खाली साधे शब्द, मग चार ओळींचा पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. २००५ पासून 'प्रथम' या शिक्षणातल्या संस्थेचा 'असर' नावाचा सर्वे खेडोपाडी घरोघर जाऊन अशाच कागदावर मुलांचं वाचन तपासतो. २०२२ मध्ये देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या १०० पैकी साधारण ४३ मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता येत होता, २०२४ मध्ये ते ४९ च्या आसपास गेलं. तेव्हा तुमचीच मुलं मागे आहेत असं वाटून घेऊ नका.

मग इयत्ता विसरा. अक्षरांवर अडकलेली एका चटईवर, शब्दांवर अडकलेली दुसऱ्या चटईवर, चौथीचा असो की सहावीचा. गटांना एक दोन तीन नंबर मात्र देऊ नका हो, पोरांना कोण ढ आहे ते दुसऱ्या दिवशी कळतं आणि मोठी मुलं यायची बंद होतात. मुंबई आणि वडोदऱ्याच्या मनपा शाळांत प्रथमच्या बालसखी असंच शिकवायच्या, त्याच भागातली दहावी-बारावी झालेली मुलगी वर्गातल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना घेऊन रोज दोनेक तास फक्त मुळाक्षरं, वाचन आणि आकडे घ्यायची. त्याचा अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या मंडळींनी केला होता (ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं तेच), आणि सगळ्यात मागे असलेल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झालेला दिसला. त्या बालसखींकडे बीएड नव्हतं, थोड्या दिवसांचं ट्रेनिंग होतं. तुमच्या कॉलेजच्या पोरांना जमणार नाही असं काही नाही त्यात.

आणि हो, धड्यातलंच वाचायला द्यायला पाहिजे असं नाही. मुलं येऊन जे बडबडतात तेच फळ्यावर लिहा. "आज नळाला पाणी नाही आलं", "पिंकीच्या शेळीला दोन पिल्लं झाली". स्वतः बोललेलं वाक्य आहे म्हणून अंदाज बांधता येतो, मग त्यातलाच 'पाणी' पुसून दुसरीकडे लिहायचा, 'पिल्लं' मधला पि शोधायला लावायचा. घरी कन्नड किंवा वडारी बोलणारी मुलं असतील तर आधी गोष्ट भरपूर ऐकवा, बोलू द्या, अक्षरं थोडी थांबली तरी चालतील. गोष्टींची पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत ढिगाने फुकट आहेत, अरविंद गुप्तांच्या साइटवर आहेत, पाठ्यपुस्तकं ईबालभारतीवर.

क्लासवाले_सर:
बाईंचं सगळं पटलं पण होमवर्क बंद करू नका असा सल्ला देईन मी. वही रिकामी गेली तर वर्गात बोलणी त्या पोराला खावी लागतात, तुम्हाला मला नाही. आणि आईला वाचता येत नसेल तर तिला फक्त भरलेली वही आणि खालचा लाल शेरा कळतो, ती त्यावरूनच ठरवणार की वर्गात काय चालतं. उद्या तुम्ही नुसती गाणी गोष्टी सुरू केल्या तर ती म्हणेल तिकडे खेळायला कशाला पाठवू, घरी भांडी तरी घासेल. मी स्वतः ट्यूशन घेतो, गिऱ्हाईक कसं तुटतं ते मला विचारा :)

खडूवाली बाई:
सर, गिऱ्हाईक शब्द नाही आवडला, मुद्दा मात्र बरोबर आहे. शेवटचा अर्धा तास होमवर्कला ठेवा, सुरुवातीचा नको, कारण सुरुवातीला ठेवलात की तो संपतच नाही. आणि महिन्यातून एकदा आईसमोर मुलाला नवीन, कधी न पाहिलेलं पान वाचायला लावा. तिला अक्षर ओळखता येत नसलं तरी पोरगं अडखळतंय की वाचतंय ते तिला बरोब्बर कळतं.

जनता_तै:
मी वस्तीपातळीवर काम करणाऱ्या एका संस्थेत बरीच वर्षं होते, मुलींच्या गायब होण्याबद्दल लिहिते. वर्ग किती वाजता आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत पण मी पैज लावते पाच ते सात असणार, कारण सोसायटीतल्या बायकांना तीच वेळ सोयीची. त्याच वेळेला वस्तीतल्या बायकांची संध्याकाळची धुण्याभांड्याची कामं असतात, आणि बऱ्याच ठिकाणी पाणीही त्याच सुमारास येतं. आई बाहेर, मग पाणी कोण भरणार आणि धाकट्याला कोण सांभाळणार, तर सहावी-सातवीची पोरगी. तिला अभ्यासाची आवड नाही वगैरे काही नसतं. तेव्हा वेळ तिच्या आईला विचारून ठरवा, आणि धाकट्याला कडेवर घेऊन आली तरी येऊ द्या. एका कोपऱ्यात चटई, चार डबे-झाकणं, खडू, पुरे होतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ ला डहाणूजवळच्या बोर्डीत काम सुरू केलं आणि पुढे सहकारी अनुताई वाघांबरोबर कोसबाडला, तिथे आदिवासी पाड्यांवर मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. आपल्याला तर नुसतं घड्याळ हलवायचंय.

घरी जाणं सोडू नका. पण तक्रार घेऊन जाऊ नका, पोरगं दिसलं नाही म्हणून आले एवढंच म्हणायचं, बसायचं, दिलेला चहा प्यायचा. तिथे बसल्यावर खऱ्या गोष्टी कळतात, वडिलांचं काम सुटलंय, घरमालकाने खोली खाली करायला सांगितलीय, दिवाळीनंतर सगळे उसाला जाणार आहेत. शेवटचं असेल तर जायच्या आधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यायला लावा म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत बसवायला सोपं जातं. परत आल्यावर शाळेने जन्मदाखला नाही, टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून परत पाठवलं तर गप्प बसू नका, आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात ६ ते १४ च्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, टीसी उशिरा आली म्हणून अडवता येत नाही, आणि वयाप्रमाणे इयत्तेत बसवून मागे पडलेल्याला वेगळं शिकवायची सोयही करायची असते. हे एका आईने एकटीने शाळेत जाऊन सांगणं आणि तुमच्यापैकी कोणीतरी बरोबर जाऊन सांगणं यात फार फरक पडतो, वाईट आहे पण आहे.

एक आगाऊपणाचा सल्ला, वाढदिवस साजरा करायला येणाऱ्यांना गोडीत नाही म्हणा. केक, टोप्या, फोटो, आणि त्या दिवसाचा वर्ग बुडाला. मुलांचे चेहरे फेसबुकवर टाकू नका. नवीन स्वयंसेवक पहिल्या दिवसापासून एकटा मुलांबरोबर बंद खोलीत नसावा, कायम दोन मोठी माणसं, तो कितीही चांगल्या घरातला असो. आणि लैंगिक शोषणासारखं काही कानावर आलं तर मिटवामिटवी चालत नाही, पॉक्सो म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा, मुलांसाठीसुद्धा.

हिशोबनीस:
रजिस्ट्रेशनचं मी सांगतो, सीए आहे. सोसायटी म्हणून करायची तर किमान सात सभासद लागतात, १८६० चा कायदा, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यासाची नोंदणी. त्यानंतर इन्कम टॅक्सकडे संस्थेच्या करमाफीसाठी (ज्याला १२ए म्हणतात) आणि ८०जीसाठी वेगळा अर्ज. कंपनीचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी हवा असेल तर २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्मही लागतो. दरवर्षी ऑडिट, बदल अर्ज, मीटिंगचं प्रोसीडिंग बुक, हे सगळं कोण करणार ते आधी ठरवा. मला विचाराल तर एवढ्यात पडू नका. तुमच्या भागात आधीच रजिस्टर असलेली एखादी संस्था गाठा, त्यांचा उपक्रम म्हणून वर्ग चालवा, त्या गृहस्थांचा चेक त्यांच्या नावे, पावती त्यांची. फक्त लेखी करार करा. कोणाच्या पर्सनल खात्यात डोनेशन गोळा करणं मात्र आजपासून बंद, नंतर हिशोब देताना मैत्री तुटते.

अमेरिकेच्या भावाचं : तो अजून भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचा नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी लागते, आणि ती नसताना पैसे घ्यायचे नाहीत. त्यापेक्षा त्याला म्हणावं सुट्टीत आलास की महिनाभर शिकवायला ये.

धारावी_ते_दादर:
मी शिकवणारा नाही, अशा वर्गात बसलेला आहे, मुंबईत. आमची खोली दहा बाय बारा, त्यात सहा जण आणि टीव्ही चालू. मला त्या वर्गात काय शिकवलं यापेक्षा तिथे बसायला जागा होती आणि ट्यूब होती हे जास्त आठवतं. आणि तिथली ताई आमच्याच चाळीतली होती, आईला ओळखायची, त्यामुळे दांडी मारायची सोय नव्हती. बाहेरून येणारे दादा-ताई चांगले असायचे पण परीक्षेच्या दिवसांत गायब, कारण त्यांचीही परीक्षा. सातवीला वर्ग संपवू नका एवढंच सांगतो, आठवी नववीत खरी गळती असते, वय १४ झालं की कायदा पण हात वर करतो. तेव्हा कोणी शिकवलं नाही तरी चालेल, खोली उघडी ठेवा.

मुठाकाठची:
बापरे, एवढं सगळं! जनता_तै पैज जिंकलात, पाच ते सातच आहे वेळ, आणि ती आम्हाला सोयीची म्हणूनच. रविवारी आयांना विचारतो. होमवर्क शेवटच्या अर्ध्या तासात. रजिस्ट्रेशन बाजूला, जवळच्याच एका जुन्या संस्थेशी बोलते. आता वस्तीतल्याच ताईबद्दल, एक बारावी झालेली सून आहे, मुलं तिचं ऐकतात, पण तिला नुसतं स्वयंसेवक म्हणून रोज बोलवायला मलाच कसंतरी वाटतं. पैसे द्यायचे का, की मग बाकीचे फुकट येणारे नाराज होतील?

जनता_तै:
द्यायचेच. डोनेशन देणाऱ्या त्या गृहस्थांना खडू-वह्यांऐवजी तिचं मानधन स्पॉन्सर करा म्हणावं, निदान वर्षभराचं, महिन्याच्या महिन्याला ठरल्या तारखेला. तुमच्यापैकी कोणी आलं नाही तरी वर्ग भरायला हवा आणि तो तीच भरवणार आहे. नाराज होणारे होतील, त्यांना घरी पगार येतो. आणि किल्ली तिच्याकडे द्या.

हिशोबनीस:
आणि मानधन रोख नको, तिच्या खात्यात. तिचं स्वतःचं खातं नसेल तर आधी ते उघडा.