झावळ्यांची राख पांढुरकी होते, कपाळ चुरचुरतं. काय चुकतंय?

वेदीसेवक
१० फेब्रुवारी २०२७ ला राखेचा बुधवार आहे, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस; त्या दिवशी चर्चमध्ये कपाळावर राखेचा क्रूस काढतात. राख चर्चमध्येच करायची आहे, २९ मार्च २०२६ ला, झावळ्यांच्या रविवारी, आशीर्वादित झालेल्या झावळ्यांची. गेल्या खेपेला ती पांढुरकी नि खरखरीत झाली. पाण्यात कालवली तर काहींची कपाळं चुरचुरली. माणसं साधारण ३००. किती लागेल, कशात कालवू?

हीर काढा आधी
चुरचुरलं ते पाण्यामुळे. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, पाणी लागलं की त्याचा क्षार सुटतो. पूर्वी राखेच्या पाण्याने कपडे धूत, तेच हे! अशा लगद्याने कातडी भाजल्याचीही उदाहरणं आहेत. आणि राख जितकी पांढरी, तितका क्षार जास्त. म्हणून नाव राख असलं तरी आपल्याला हवा असतो काळा कोळसा.

नारळाच्या पात्यांचे हीर, म्हणजे मधल्या कडक काड्या, आधी ओढून काढा. ते नीट दळले जात नाहीत, खरखर त्यांचीच. झावळीच्या क्रुसांना बांधलेला प्लास्टिकचा दोरा, रिबन, टाचण्या काढा. ओली पाती नुसती धुमसतात, तेव्हा उन्हात कडक वाळवून घ्या. मग लोखंडी घमेल्यात, उघड्यावर, थोडी थोडी जाळा. ज्वाळा बसल्या आणि पाती काळी पडली की लगेच घट्ट झाकण टाका. हवा तुटली की काळेपणा टिकतो. उघडं ठेवलंत तर आतला विस्तव जळत राहतो आणि सगळं पांढरं होतं. रात्रभर गार होऊ द्या, मग खलबत्त्यात कुटून मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळा. गरम असताना प्लास्टिकच्या डब्यात भरू नका, आत निखारा राहिलेला असतो.

३०० जणांना तीन मोठे चमचे चाळलेली पूड पुरते. पोतंभर झावळ्या जाळल्यात तर उरेलच.

उपासना गट
पूड कोरडी ठेवा आणि मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) थोडं आधी खोबरेल किंवा ऑलिव्हचं तेल थेंबाथेंबाने घाला. चिमटीत धरल्यावर जेमतेम चिकटली की थांबा. तेल जास्त झालं तर घामाबरोबर नाकावर ओघळते. मात्र चर्चच्या विधींसाठी आशीर्वादित केलेली पवित्र तेलं यासाठी वापरू नयेत, साधं तेल घ्यावं. राखेच्या आशीर्वादाच्या वेळी फादर तीर्थ (आशीर्वादित पाणी) शिंपडतात, त्याचे दोन-चार थेंब चालतात. वाटी ओली करून ठेवली की गुठळ्या होतात. वाटणारे जितके, तितक्या वाट्या, आणि सांक्रिस्तीत (चर्चमधल्या तयारीच्या खोलीत) साबण नि लिंबाची फोड. अंगठ्याच्या नखातली काजळी साध्या पाण्याने जात नाही.

वेदीसेवक
कपाळावर क्रूसच काढायला हवा का? कोरडी पूड डोक्यावर टाकली तर?

हीर काढा आधी
चालते. इटलीत तीच रीत आहे, आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे रोमने सगळीकडे तसंच करायला सांगितलं होतं: राख लावताना म्हणायचं वचन एकदाच सर्वांसाठी मोठ्याने, मग डोक्यावर चिमूटभर, न बोलता. तेलाची कटकट वाचते. पण आपल्याकडे कपाळावर खूण दिसली नाही की राख लागलीच नाही असं लोकांना वाटतं, तेव्हा आदल्या रविवारी सूचना द्या. आणि गेल्या खेपेची पांढरी पूड टाकून देऊ नका. ती आशीर्वादित आहे, चर्चच्या बागेत पायाखाली न येणाऱ्या जागी मातीत मिसळा.