मदत हवी आहे: एकाच पातेल्यात दोन तऱ्हांचा चहा जमेल का?

मंडळी, सकाळच्या चहावरून आमच्या घरात अवघडलेपण आलंय आणि मला त्यावर खरोखर तोडगा हवा आहे. जरा सविस्तर लिहिते.

आम्ही ठाण्याला राहतो. नवरा, मी, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. आई गेल्यापासून माझे वडील बार्शीला एकटेच होते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना इकडे आणलं. त्यासाठी सगळ्यात जास्त आग्रह सासूबाईंनीच धरला होता, हे आधीच सांगते. दोघांत वाकडं काही नाही. अडतं ते फक्त चहापाशी.

सासूबाई रत्नागिरीच्या. आधण ठेवायचं, साखर त्यातच, गवती चहाची पात गाठ मारून टाकायची. पाणी खळखळलं की चहा टाकायचा, लगेच गॅस बंद आणि वर झाकण. मुरला की गाळायचा, आणि वेगळं तापवलेलं दूध रंग बघत बघत वरून घालायचं. दूध घातलेला चहा पुन्हा गॅसवर गेला की त्यांच्या लेखी त्याचा काढा झाला.

आप्पांचा चहा म्हणजे दूध जास्त, पाणी कमी, ठेचलेलं आलं, साखर सढळ हाताने. वर यायला लागला की आच कमी करायची, खाली बसला की वाढवायची, असं दोन-तीनदा. कपात जरा निवला की साय धरली पाहिजे. आई रतिबाच्या म्हशीच्या दुधाचा करायची. वरून दूध घातलेल्या चहाला आप्पा धुवण म्हणतात. इथे आल्यापासून मात्र त्यांनी तो शब्द उच्चारलेला नाही.

खरी अडचण तीच आहे. दोघं व्याही, त्यामुळे तोंडावर कुणी काही बोलत नाही. आप्पा "झकास झालाय, विहीणबाई" म्हणतात, अर्धा कप तसाच ठेवतात आणि पाय मोकळे करायला म्हणून खाली जातात. नाक्यावरच्या टपरीवर चहा घेतात हे मला वॉचमनकाकांकडून कळलं. सकाळच्या रहदारीत त्यांनी एकट्याने तो रस्ता ओलांडावा हे मला नको वाटतं. इकडे कप विसळताना सासूबाईंनी मला विचारलं, "आप्पांना माझ्या हातचं रुचत नाही का गं?" काय उत्तर देऊ? मी आप्पांच्या पद्धतीने केला तर सासूबाई पित्ताचं कारण सांगून घेतच नाहीत.

दोन पातेली चढवून पाहिली. सासूबाईंना ते फार लागलं. एका घरात दोन चुली नकोत, एवढंच म्हणाल्या. शिवाय डबे आणि शाळेची बस, सकाळी दोन्ही शेगड्या अडवून चालतही नाही.

तर एकाच पातेल्यात दोघांचं समाधान होईल असा चहा कुणी करतं का? अधलामधला नकोय, तो करून पाहिलाय आणि दोघांनीही कसाबसा संपवला. अजून एक: आप्पांची शुगर काठावर आहे. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितल्यापासून ते गुळाचा मागतात आणि तो दर वेळी नासतो. त्याचं काय करावं?

— प्रतिसाद —

ताई, जमेल. चहा एकदम गाळायचा नाही, दोन टप्प्यांत गाळायचा.

आपण रोज वापरतो तो दाणेदार चहा सीटीसी पद्धतीचा असतो. पानं दातेरी रोलरमधून चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करतात. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली. हे दाणे रंग आणि कडकपणा झटकन सोडतात, म्हणून सासूबाईंचा चहा न उकळताही नुसता मुरून उतरतो. जगभर चहा चाखून पारखणाऱ्यांसाठी १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक निघालं, त्यातही १०० मिलीला २ ग्रॅम चहा आणि सहा मिनिटं मुरवणं असंच आहे. उकळणं नाही.

आता आप्पांची बाजू. नुसत्या पाण्यात चहा फार उकळला की टॅनिन उतरून तुरट होतो. दुधात उकळला तर दुधातली प्रथिनं त्या टॅनिनला धरून ठेवतात आणि तुरटपणा जिभेला कमी जाणवतो. म्हणून तो चहा उकळूनही सोसतो. दोघंही आपापल्या जागी अगदी बरोबर आहेत.

करायचं असं: नेहमीसारखं आधण ठेवा, भुकटी किंचित जास्त घाला, गॅस बंद, झाकण. तीन मिनिटांनी सासूबाईंच्या वाटणीचा गाळून घ्या आणि गाळण्यातला चोथा परत पातेल्यात झटका. आता पाणी थोडं आणि भुकटी सगळी, म्हणजे उरलेला आपोआप कडक. त्यात आलं ठेचून घाला, एक उकळी येऊ द्या, मगच गरम दूध ओता आणि आप्पांना हवा तसा उकळा. आलं आधी पाण्यात उकळणं महत्त्वाचं. कच्च्या आल्यातलं एक विकर (एन्झाइम) कोमट दुधाला फाडतं, उकळीने ते निकामी होतं.

आणि दूध बघा. टोन्ड पिशवीत स्निग्धांश ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६. म्हशीच्या दुधावर वाढलेल्या माणसाला टोन्डचा चहा कितीही उकळला तरी पांचटच लागणार. त्यांच्या कपापुरती तरी फुल क्रीमची लहान पिशवी घ्या.

— प्रतिसाद —

वरची युक्ती छान आहे. मी फक्त गुळाचं सांगते. गुळाच्या आंबटपणामुळे आणि त्यातल्या क्षारांमुळे उकळतं दूध फाटतं. गॅस बंद करून, कपात गूळ किसून, वर गाळलेला चहा ओतायचा. सहसा नासत नाही.

पण शुगर काठावर असेल तर गूळ हा साखरेला पर्याय नाही. गुळातही मुख्यतः साखरच असते आणि रक्तातली शुगर जवळपास तशीच वाढते. गुळाचा चालतो म्हणून माझे काका दिवसाला चार-चार कप घ्यायचे, म्हणून कळकळीने लिहिते आहे. साखर कपात वेगळी घाला आणि दर आठवड्याला चिमूटभर कमी करत जा. आल्याबरोबर वेलदोडा असला की गोडी कमी केलेली तितकीशी जाणवत नाही. आणि डॉक्टरांना एकदा गुळाबद्दल स्पष्ट विचारा.

— प्रतिसाद —

मला थोडं वेगळं सुचवायचंय. आप्पांना एक दिवस ओट्यापाशी बोलवा आणि "आईच्या हातचा कसा असायचा ते दाखवा" म्हणा. त्या पिढीतल्या पुरुषांनी स्वतः केला नसला तरी वर्षानुवर्षं पाहिलेला असतो. सासूबाईंसमोरच दाखवू दे. विहीणबाईंच्या चहाला नावं न ठेवता त्यांना आपली आवड सांगता येईल.

— धागाकर्ती —

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दोन टप्प्यांचा करून पाहिला आणि आप्पांनाही ओट्यापाशी बोलावलं. त्यांनी हात लावला नाही, पण "आता आच कमी कर, आता वाढव, आता बघ रंग" असं पातेल्याकडे बघत सांगत राहिले. फुल क्रीमचा फरक त्यांना पहिल्याच घोटाला कळला. सासूबाई आपला कप घेऊन तिथेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "आप्पा, एवढंच होतं तर सांगायचं नाही का?"

गुळाचं डॉक्टरांना विचारलं, त्यांनी साफ नाही म्हटलं. वेलदोड्यावर आप्पा तयार झालेत.

आता पुढचा प्रश्न. दुपारी चारला मी ऑफिसात असते आणि तेव्हा दोघांचाच चहा सासूबाईंना करायचा असतो. आप्पांचा कप आपणच करणार म्हणतात, पण अंदाजपंचे नको, त्यांना माप हवंय. एक कप त्यांचा, एक आप्पांचा: पाणी किती, भुकटी किती चमचे, सासूबाईंचा गाळून घेतल्यावर दूध किती? इतक्या कमी पाण्यात पहिला टप्पा फार कडक उतरतो आहे. कुणी रोज दोनच कप करत असेल तर कृपया वाटी-चमच्याच्या मापात लिहा, मी कागदावर उतरवून ओट्यावर चिकटवणार आहे.