वाटा १२ टक्के, पण पसारा?

कुणीतरी लिहिलंय की महाराष्ट्राच्या उत्पन्नात शेतीचा वाटा जेमतेम १२ टक्के, मग तिचं एवढं कौतुक कशाला. आकडा साधारण बरोबर आहे, पण तो शेताच्या बांधापर्यंतचाच.

आपला विदर्भाचा कापूसच घ्या. क्विंटलभर कापूस जिनिंगला (तंतू आणि बी वेगळं करायला) गेला की ढोबळमानाने एक तृतीयांश रुई म्हणजे तंतू निघतो, बाकी बहुतेक सरकी म्हणजे बी. रुईच्या गाठी सूतगिरणीला, सरकीचं तेल, उरलेली ढेप गोठ्यात. यातलं तेल आणि सूत उद्योगाच्या खात्यात मांडलं जातं; ट्रकभाडं, अडत (दलाली), बँकेचं व्याज सेवांच्या. शेतीच्या नावावर उरतो फक्त कच्चा कापूस. नागपूरला १८६७ साली रेल्वे आली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल इथेच काढली, कारण कापूस दाराशी होता.

आणि २०११ च्या जनगणनेत राज्यातले निम्म्याहून जास्त कामकरी शेतकरी किंवा शेतमजूर होते. एवढ्या लोकांच्या हाती १२ टक्के, हे खरं दुखणं. त्यावरून शेती बिनमहत्त्वाची कशी ठरते, ते मला कळलेलं नाही. सोयाबीनचे भाव पडले की नागपूरच्या इतवारी-गांधीबाग बाजारातली दिवाळी कशी जाते, ते तिथल्या कुठल्याही कापड दुकानदाराला विचारा. (मुंबई-पुण्याच्या सेवाक्षेत्रामुळे टक्का छोटा दिसतो, ते वेगळंच. फक्त विदर्भाचा हिशेब मांडला तर चित्र बरंच बदलेल.)

संत्र्याच्या बाबतीत मात्र हा पसारा छोटाच, हे मान्य. नागपूरच्या कळमना बाजारात ढीग लागतात, पण प्रक्रिया फारच तोकडी, आणि बांगलादेशने आयात शुल्क वाढवलं की इथले भाव कोसळतात.